मागची दांडी

काँटेसा माझी अठ्ठ्याऐंशीची, जांभळाच्या डागासारखी तांबडी.
बॉनेट एवढं लांब की सिग्नलला
आधी गाडी पोचते, मग मी.
सरळ रस्त्यावर तिचा तोरा बघावा!
ओझरपर्यंत कुणाला ऐकत नाही.
वळण आलं की मात्र
पंगतीतून उठणाऱ्या जाड्या मामासारखी
एका कुशीवर कलते,
आणि स्टिअरिंग कितीही कापलं तरी
नाक जातं सरळच, दरी बघायला.

म्हणून मी द्वारकेच्या मागे, बशीर मणियारच्या गाळ्यात
गोणपाटावर मांडलेल्या तीन दांड्यांसमोर
उकिडवा बसलोय.
सोळाची, कुठल्या तरी भंगारातल्या गाडीची,
वायरब्रशनं घासून काढलेली.
एकोणीसची, अंबडला वाकवून, पाणी देऊन आणलेली,
टोकांना तीन-तीन भोकं, रंग अजून नाही.
आणि बावीसची. कोइमतूरहून आलेली. लालभडक.
सोबत पिवळे पॉलीचे बुश, प्लास्टिकच्या पिशवीत.

माझा हात बावीसकडे गेला.
सातपूरला सत्तावीस वर्षं मायक्रोमीटर धरलेला हात,
त्याला जाडी कळते.
बिलाच्या पाठीवर बशीरला मांडून दाखवलं :
ताकद वाढते जाडीच्या चौथ्या घातानं,
सोळाची बावीस केली की साडेतीन पट.
सहा मिलिमीटरला साडेतीन पट, बशीर!
एवढा फायदा मला बँकेनंही दिला नाही.

त्यानं आकडा वाचला. मान हलवली.
मग डिकीवर बसून दोनदा उसळला,
खाली वाकून टायरवरून अंगठा फिरवला.
"गाडीत कोण बसतं?"
मी. वैजयंता. कधी निफाडची मेहुणी.
"टायर हेच?"
हेच.
"मग बावीस कशाला, साहेब?
पावसात शेपूट पुढे येईल तुम्हाला भेटायला."

गंगापूर रोडच्या एका पोरानं बसवली होती म्हणे.
धरणाकडच्या वळणावर आतलं चाक उचललं,
पोराला वाटलं, वा, काय पकड आहे,
आणि पुढच्या क्षणी हेडलाइट नाशिककडे,
गाडी रस्त्यात आडवी,
टेपवर गाणं चालूच.

"दांडी म्हणजे काय," बशीर चहा बशीत ओतत म्हणाला,
"डाव्या चाकानं खाल्लेला खड्डा
उजव्याला सांगायचा.
सांगायचा. ओरडून नाही."

मी लाल दांडीकडे आणखी एकदा बघितलं.
खरं सांगतो, रंगासाठीच हवी होती.
खाली वाकून कोण बघणार होतं ती?
मीच. रोज सकाळी. गाडी धुताना.

एकोणीसची घेतली.
रबराचे बुश, मधलं भोक.
बाहेरचं धरलं तर मऊ, आतलं धरलं तर कडक,
बशीर म्हणाला, आधी महिनाभर मधल्यात राहा.
बोल्ट कसताना त्यानं जीभ दातांत धरली होती
आणि जॅकवरून उतरताना गाडीनं
एक लहानसा श्वास सोडला, किंवा माझा होता तो.

रविवारी नांदुरीचा घाट.
मी वैजयंताला काही सांगितलं नव्हतं,
खर्च तर नाहीच.
तिचा उजवा डोळा पर्सवर, डावा हात सवयीनं
दारावरच्या कडीला.
पहिलं वळण. नाक आत आलं.
अगदी मुकाट्यानं, बोलावल्यासारखं.
दुसरं. मामा उभा राहिला पंगतीतच, ताठ.
तिसऱ्याला मागून थोडं हललं,
पाठीला कळलं, हाताला नाही;
मी पाय सैल केला, तिनं ऐकलं.
म्हणजे गाडीनं.

पाचव्या वळणावर वैजयंता शेंगा सोलत होती.
दोन्ही हातांनी.
"रस्ता नवा केलाय वाटतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.
आणि सहाव्या वळणाला
गरजेपेक्षा थोडा जोरात शिरलो.
हात पुन्हा कडीवर,
शेंगांची टरफलं माझ्या मांडीवर.